शेपटी दाबून मोजलेला मासा

"हेल्मीला पहिला मासा धरायला मी नेणार," माझ्या मुलीबद्दलचं हे वाक्य मी बोलले तेव्हा माझ्या तोंडात गरम बटाटा होता. त्यामुळे त्याला जो दरारा यायला हवा होता तो काही आला नाही. तरीही टेबलावरचे सगळे काटे थांबले.

ताउनो, म्हणजे माझे सासरे, नुकतीच त्यांची ती गोष्ट संपवून मिशा पुसत होते. ही गोष्ट आमच्या कॅम्पवर, म्हणजे तळ्याकाठच्या लाकडी घरात, दर उन्हाळ्यात, पहिल्या वॉलाय माशाचे तुकडे तळून झाले की सांगितली जाते. माझा नवरा डॅरिल साडेतीन वर्षांचा असताना ताउनो त्याला पहिला मासा धरायला तळ्याच्या चिंचोळ्या खिंडीकडे घेऊन गेले. डॅरिल होडीतून पाण्यात पडला. ताउनोंनी गळाची काठी उचलली, पोराच्या पँटच्या पट्ट्यात गळ अडकवला आणि त्याला वर ओढून घेतलं. "पंधरा किलो! मिटन तळ्यातून इतका मोठा मासा आजवर कुणी काढला नाही!" असं म्हणून ते टेबलावर थाप मारतात आणि सगळे हसतात. ज्याला गळ लावला होता तो इसमही हसतो.

मी सहा उन्हाळे ही गोष्ट ऐकते आहे, आणि सहाही उन्हाळे माझ्या मनात एकच प्रश्न येतो. किती सेकंद? पोरगं पाण्याखाली किती सेकंद होतं? एकदा मी विचारलंही. ताउनो म्हणाले, "घड्याळ बघायला हात मोकळा कुठं होता?" पुन्हा सगळे हसले.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि थंडर बे शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे लोकांना जी भीती नुसतीच वाटते ती मला पुराव्यानिशी वाटते. घरात याला 'ओरिसियाचं चालू झालं' असं म्हणतात. ओरिसिया मी.

तर त्या सोमवारी गोष्ट संपल्यावर ताउनो म्हणाले, "आता शनिवारी हेल्मीचा नंबर. उक्की आणि हेल्मी, दोघंच. आया बरोबर असल्या की मासे घाबरतात." उक्की म्हणजे आजोबा. या घराण्याला फिनलंड सोडून चार पिढ्या झाल्या, पण आजोबा अजून तिथलेच वापरतात. तेव्हा मी बटाट्यासकट ते वाक्य बोलले.

"तू?" ताउनो म्हणाले. "तुला धक्क्याच्या टोकाला उभं राहिलं तरी चक्कर येते."

"चक्कर येत नाही. मी खोलीचा अंदाज घेत असते."

"होडी कोण चालवणार?"

"मी."

"कार्ड आहे? होडी चालवायचं सरकारी कार्ड असल्याशिवाय मोटरला हात लावता येत नाही."

"काढते."

"शनिवारच्या आत?"

"शनिवारच्या आत."

ताउनोंनी सायमींकडे पाहिलं. सायमींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बटाट्यांकडे पाहिलं. "ठीक आहे," ताउनो म्हणाले. "शनिवारी सकाळी कार्ड दाखवलंस तर होडी तुझी, पोरगी तुझी. नाही दाखवलंस तर पोरगी माझ्याबरोबर खिंडीत, आणि तू धक्क्यावर. मग काठावरून ओरडायचं नाही, शिट्टी वाजवायची नाही आणि दुसरी होडी घेऊन मागं यायचं नाही."

ही तिन्ही कामं मी कधी ना कधी केलेली आहेत, हे मी नाकारत नाही.

डॅरिल लाकडं फोडायला गेला. आईवडील आणि बायको यांच्यात काही निघालं की तो लाकडं फोडायला जातो. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागचा लाकडांचा ढीग आता छपराला टेकलाय.

कार्डाची परीक्षा घरबसल्या फोनवरून देता येते. घर कुठं असावं ते मात्र कुणी सांगितलेलं नाही. आमच्या कॅम्पवर फोनला सिग्नल एकाच जागी मिळतो, ती म्हणजे संडासामागचा खडक. तोही खडकाच्या पूर्वेच्या टोकाला उभं राहून फोन कपाळाच्या उंचीवर धरला तर. त्या खडकावर मी मंगळवारी सकाळी, डासांची जाळी डोक्यावर घेऊन, सागरी वाहतुकीचे नियम सोडवायला उभी राहिले.

तेवढ्यात पाण्याच्या बाजूनं आवाज आला, "कितवा प्रश्न?"

शेजारच्या कॅम्पवरच्या बर्निसबाई. वय पंच्याहत्तर. पाण्यावरून आवाज लांब वाहत जातो, त्यामुळे बर्निसबाई आमच्या टेबलावर कधी न बसताही आमच्या सगळ्या जेवणांना हजर असतात. सोमवारचा बटाटा त्यांनी ऐकलेला होता. आता त्या कनूमधून, म्हणजे त्यांच्या वल्ह्याच्या छोट्या होडीतून, आल्या होत्या आणि खडकाखाली वल्हं टेकून बसल्या होत्या.

"बारावा," मी म्हणाले. "प्रवाहाविरुद्ध जाताना लाल तरंगतं बोयं कुठल्या हाताला ठेवायचं?"

"या तळ्यात एकच बोयं आहे. ती माझी ब्लीचची रिकामी बाटली आहे, आणि ती पांढरी आहे."

"परीक्षेत लाल आहे."

"मग त्यांना म्हणावं, येऊन रंगवा."

एकतिसाव्या प्रश्नाला हेल्मी आली आणि म्हणाली, "आई, शी. आत्ता." संडास तीन पावलांवर होता. त्या तीन पावलांत सिग्नल गेला, वेळ संपली आणि फोननं मला कळवलं की मी नापास असून चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करू शकते. मला आयुष्यात कधीही कुणी नापास केलेलं नाही. प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत ताप अंगात असताना मी पहिली आले होते. ही गोष्ट मी बर्निसबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "तेव्हा पोर नव्हतं."

बुधवारी हेल्मीला आधी बसवून घेतलं आणि पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळवले. आनंद साधारण चार सेकंद टिकला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कार्ड टपालानं चार आठवड्यांत येईल, तोवर दाखला छापून जवळ बाळगावा.

छापण्याचं यंत्र पन्नास किलोमीटरवर, टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या पंचायतीच्या, कार्यालयात. गुरुवारी मी हेल्मीला घेऊन तिथं गेले. खिडकीमागे एक बाई होती आणि बाईंच्या मागे, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर, छपाईयंत्र होतं.

"एक पान छापून हवंय."

"छपाईसाठी अर्ज लागतो."

"द्या."

"अर्ज आमच्या संकेतस्थळावर आहे. छापून, भरून आणायचा."

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोघींनी मिळून यंत्राकडे पाहिलं.

"मग तो अर्जच तेवढा छापून द्या."

"त्याला अर्ज लागतो."

मी भांडखोर नाही. दुकानात चुकीची वस्तू मिळाली तरी मी घरी येऊन ती आवडून घेते. पण शनिवारला दोन दिवस उरले होते, आणि डोळ्यांसमोर पँटच्या पट्ट्याला अडकवलेली माझी मुलगी दिसत होती. मी कार्यालयातल्या बाकावर बसले, पिशवीतून होडीसाठी घेतलेली नवी कोरी शिट्टी काढली, हेल्मीच्या हातात दिली आणि म्हटलं, "वाजव, बाळा. दमलीस की सांग."

हेल्मी अकरा मिनिटं दमली नाही. बाराव्या मिनिटाला पान छापून खिडकीतून बाहेर आलं. बरोबर मासेमारीच्या नियमांची पुस्तिकाही आली, बहुधा मी लवकर जावं म्हणून.

ती पुस्तिका मी गाडीत बसून आणि नंतर रात्रीच्या जेवणापर्यंत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. ही पुस्तिका पूर्ण वाचणारी मी दुसरीच व्यक्ती असावी. पहिली, जिनं ती लिहिली. त्यात आमच्या तळ्यासाठी वेगळी ओळ होती. मिटन तळ्यात शेहेचाळीस ते अठ्ठावन्न सेंटिमीटरचा वॉलाय घरी नेता येत नाही, परत सोडावा लागतो, कारण त्या मापाच्या माद्या अंडी घालतात. आणि माप घेताना माशाचं तोंड मिटलेलं हवं आणि शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत दाबलेली हवीत. शेपटी दाबली की मासा सेंटिमीटरभर वाढतो.

हे मी त्या दिवशी जेवताना सांगितलं.

"शेपटी कोण दाबतं?" ताउनो म्हणाले. "मासा जसा येतो तसा मोजायचा. मला मोजताना माझे पाय कुणी ओढत नाही."

"पुस्तिकेत लिहिलंय."

"पुस्तिकेनं कधी मासा धरलाय?"

अंधारातून, पाण्यावरून, बर्निसबाईंचा आवाज आला, "आम्हीही दाबत नाही!"

म्हणजे सगळं तळंच गेली कित्येक वर्षं मासे सेंटिमीटरभर आखूड मोजत होतं. प्रयोगशाळेत मी अशी मोजमापं पाठवली असती तर मला घरी बसवलं असतं.

शुक्रवारी बर्निसबाईंनी मला आमिष दिलं आणि उपदेशही दिला. "पाईक मासा दातवाला, त्याला गळापुढं तारेचा फास लाव, नाहीतर दोर तोडून जाईल. वॉलायला जळू. ट्राउट उन्हाळ्यात तळाशी जाऊन बसतो, त्याला देवाचं नाव घे." जळवा त्यांनी स्वतः पकडलेल्या होत्या, तीन डझन, ब्रेडला लावायच्या मार्गारिनच्या रिकाम्या डब्यात. जळवा थंड ठेवाव्या लागतात. मी डब्यावर मोठ्या अक्षरांत 'जळवा' लिहिलं, आणि डबा फ्रिजमध्ये हेल्मीच्या दह्यापासून जास्तीत जास्त लांब ठेवला. जास्तीत जास्त लांब म्हणजे मार्गारिनच्या डब्याशेजारी.

शनिवारी सकाळी ताउनो चष्मा न लावता उठले.

"सायमी," स्वयंपाकघरातून त्यांचा शांत आवाज आला, "लोणी हलतंय."

सायमी गेल्या, पाहिलं, सुरीवरची जळू चमच्यानं परत डब्यात लोटली आणि ब्रेड उलटा करून दुसऱ्या बाजूला मार्गारिन लावून दिलं. त्यांच्यासारखी मनःशांती मला लाभली असती तर मी सहा उन्हाळे झोपले असते.

न्याहारी झाल्यावर मी दाखला टेबलावर ठेवला. ताउनोंनी चष्मा लावला. आधी वाचला, मग खिडकीच्या उजेडाशी धरला, मग मागची कोरी बाजूही वाचली. दोष सापडला नाही. माणूस शब्दाचा पक्का. ते धक्क्यावर आले.

होडी त्यांनी स्वतः बांधलेली आहे, सीडर लाकडाची. "बसायच्या पाटावर व्हार्निशचे सात हात आहेत," ते म्हणाले. "मे महिन्यात दिलेत. बूट घासायचे नाहीत. गळ टोचायचे नाहीत. ओला डबा ठेवायचा नाही."

"नाही ठेवत."

"आणि मासा मिळाला तर इथं आणायचा. शेडच्या भिंतीला लावून मी पेन्सिलनं त्याची कड काढतो. डॅरिलचा तिथं आहे, डॅरिलच्या बहिणीचा आहे, माझा आहे. मासा आणला नाही तर रेघ नाही. तोंडी सांगितलेले मासे भिंतीवर चढत नाहीत."

आतापर्यंत धक्क्यावर गर्दी जमली होती. गर्दी म्हणजे कॉफीचे पेले घेतलेल्या सायमी, दुर्बीण घेतलेले ताउनो, डॅरिल, आणि कनूतून येऊन धक्क्याला टेकलेल्या बर्निसबाई. मी हेल्मीला जॅकेट घातलं, त्याचे पट्टे तीनदा तपासले, जाळी घातली, टोपी घातली, जाळी काढून टोपी आधी घातली, हातापायांना मलम चोळलं. शेवटी मुलीचं फक्त नाक दिसत होतं.

मी मागच्या पाटावर मोटरपाशी बसले. दोरी ओढली. मोटर खोकली. पुन्हा ओढली. नवव्यांदा ती लागली.

"ओरी," डॅरिल म्हणाला, "ती दोर..."

"मला शिकवू नकोस!" मी म्हणाले आणि वेग दिला.

होडी झोकात निघाली, सहा मीटर गेली आणि खुंटाला बांधलेल्या शेळीसारखी गर्रकन धक्क्याकडे वळली. बर्निसबाईंची कनू हलली. सायमींची कॉफी सांडली. डॅरिल दुसरी दोरी सोडायला सांगत होता, हे आता सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यानं वाकून ती सोडली आणि वर न बघता म्हणाला, "आता दे." सहा वर्षांत या माणसानं घेतलेली ही सगळ्यात स्पष्ट भूमिका.

खिंडीपर्यंत जायचं मी ठरवलंच नव्हतं. पण निदान धक्क्यावरून दिसणार नाही इतकं तरी जावं, असं मनात होतं. दोनशे मीटरवर मोटर दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली आणि बंद पडली. बरोबर मधोमध. या जागेला ताउनो 'वाळवंट' म्हणतात, कारण इथं आजवर कुणाला मासा मिळालेला नाही. धक्का इथून स्पष्ट दिसतो. त्याहून वाईट म्हणजे धक्क्यावरून ही जागा स्पष्ट दिसते.

"काय झालं?" पाण्यावरून ताउनोंचा आवाज.

वल्ही होती. वल्हवत परत जाता आलं असतं. पण मग पुढचे चाळीस उन्हाळे, तळलेल्या माशाबरोबर, पँटच्या गोष्टीनंतर दुसरी गोष्ट सांगितली गेली असती.

"काही नाही!" मी ओरडले. "इथंच थांबायचं होतं!"

नांगर टाकला. आधी पाईक आला. मी ताउनोंचा लाडका लाल-पांढरा चमचा, म्हणजे माशाला भुलवायचं पत्र्याचं आमिष, दोराला बांधून टाकला होता. तारेचा फास मी लावला नव्हता, कारण तारेनं हेल्मीचं बोट कापेल. पाईकचं तोंड पाण्याखाली क्षणभर दिसलं, दात असलेल्या लांबलचक बुटासारखं. मग दोर सैल पडला. चमचा गेला.

"आई, तो पुन्हा येणार?"

"नाही, बाळा. त्याला हवं ते मिळालं."

मग हेल्मीच्या छोट्या काठीला जळू लावली. जळू गळाऐवजी माझ्या अंगठ्याला चिकटली. मी किंचाळले नाही. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण धक्क्यावरच्या मंडळींचं म्हणणं वेगळं आहे. दुसरी जळू गळाला लागली, आम्ही ती खाली सोडली आणि वाट पाहत बसलो. सूर्य चढला. मी हेल्मीच्या जॅकेटमागचा पट्टा एका हातानं घट्ट धरून ठेवला होता.

आणि काठीचं टोक वाकलं.

"आई! ओढतंय! मला ओढतंय!"

"फिरव! चाक फिरव! मी धरलंय तुला!"

हेल्मीनं फिरवलं. उलटं फिरवलं, मग सुलटं. तिची टोपी डोळ्यांवर आली आणि तिनं ती वर केली नाही. आंधळ्यासारखी फिरवत राहिली. खालून आधी सोनेरी कूस दिसली, मग दुधी काचेच्या गोटीसारखा मोठा डोळा. वॉलाय! मी जाळं खाली घातलं आणि तो होडीत आला. हेल्मीनं टोपी मागं सारली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा माझा आहे." विचारलं नाही, सांगितलं.

धक्क्यावर एकच गलका झाला. दुर्बिणीतून त्यांना सगळं दिसत होतं.

मी हात ओले केले, मासा मोजपट्टीवर ठेवला. साडेपंचेचाळीस.

"घरी न्यायच्या मापाचा आहे!" ताउनो ओरडले. "मला दिसतंय! आण इकडं!"

मी शेपटीची टोकं चिमटीत धरली.

"दाबू नकोस!" पाण्यावरून आरोळी आली. "ओरिसिया! शेपटी दाबू नकोस!"

मी दाबली. साडेशेहेचाळीस.

इथं मला माझ्या चारित्र्याविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन श्वासांपुरती माझी चिमटी सैल झाली होती. साडेपंचेचाळीस हा आकडा दिसत होता, तो खोटाही नव्हता, आणि त्यापलीकडे भिंत होती, पेन्सिल होती, माझ्या मुलीचा मासा तिच्या बापाच्या माशाशेजारी होता. पण मी दोन दिवस संडासामागे उभी राहून, कार्यालयात शिट्टी वाजवायला लावून, प्रत्येक कागद मिळवून इथं आले होते ते नियम पाळणारी बाई म्हणून. आणि ती मादी होती. पोट टच्च होतं.

"हेल्मी, ही आई आहे. हिला घरी जाऊ द्यायचं."

हेल्मीचा ओठ बाहेर आला. "पण भिंत?"

मी माशाला पाण्यात धरून दम खाऊ दिला आणि विचार केला. मासा भिंतीपर्यंत जाऊ शकत नव्हता. पण भिंत म्हणजे तरी काय, लाकूडच. मी खिशातून कॅम्पची किल्ली काढली, मासा उचलून मागच्या पाटावर आडवा ठेवला, हेल्मीला म्हटलं, "शेपटी चिमटीत दाब," आणि त्याच्या कडेकडेनं व्हार्निशच्या सातही हातांतून किल्ली फिरवली. नाकापासून पाठीवरून, काट्यांच्या पंखाला वळसा घालून, हेल्मीच्या दोन बोटांपाशी थांबून, पोटाखालून परत नाकापर्यंत. पुन्हा पाण्यात धरला. त्यानं एक शेपटी मारली, माझा चेहरा भिजवला आणि गेला.

 मग बर्निसबाईंचा आवाज आला, "सोडला! तिनं सोडला!"

"टाटा, आई," हेल्मी पाण्याला म्हणाली आणि काठी उचलून पुढची जळू मागायला लागली.

वीस मिनिटांनी खिंडीकडून वन्यजीव खात्याची होडी आली. अधिकारी तरुण होता. त्यानं दाखला मागितला, परवाना मागितला, जॅकेटं, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं, पंधरा मीटर दोर, वल्ही. मी एकेक काढून दाखवत गेले. शिट्ट्या दोन होत्या. भांडी तीन.

"चार वर्षं या तळ्यावर येतोय," तो म्हणाला. "हे सगळं एका होडीत पहिल्यांदा बघतोय. मासे?"

"एक. सोडून दिला. साडेशेहेचाळीस."

"शेपटी दाबून?"

"दाबून."

माझ्या लग्नातही माझ्याकडे इतक्या आदरानं कुणी पाहिलं नव्हतं. मी त्याला पाट दाखवला. त्यानं आपली टेप काढली आणि गंभीर चेहऱ्यानं कोरलेला मासा नाकापासून शेपटीपर्यंत मोजला. "किल्लीची जाडी धरून सत्तेचाळीस," तो म्हणाला. "सोडलात ते बरं झालं. नाहीतर दंड होता." मग त्यानं आमच्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा एक छोटा स्क्रू दोन बोटांनी फिरवला. "हवेचं भोक बंद होतं. म्हणून बंद पडली."

"परीक्षेत हा प्रश्न नव्हता," मी म्हणाले.

"नसतो," तो म्हणाला आणि गेला.

धक्क्याला लागलो तेव्हा ताउनो हातात पेन्सिल घेऊन उभे होते. पेन्सिल का घेतली होती कोण जाणे, बहुधा ठेवायला विसरले. "मासा कुठंय?" त्यांनी विचारलं. माहीत असूनही विचारलं.

"पाटावर."

ते वाकले. सरळ झाले. परत वाकले. मान अगदी सावकाश लाल होत गेली.

"सात हात," ते म्हणाले.

"सातांतूनही किल्ली मोजून नेली," मी म्हणाले.

"मे महिन्यात!"

"तोंडी सांगितलेले मासे चढत नाहीत म्हणालात. मग चढवला. खात्याच्या अधिकाऱ्यानं मोजून दिलाय. तुमच्या भिंतीवरचा एक तरी मासा कुठल्या सरकारनं मोजलाय?"

"माझी होडी आहे ती!"

"सकाळपासून माझी होती. तुम्हीच म्हणालात."

ताउनो कॅम्पमध्ये गेले.  संध्याकाळी मासा नसल्यामुळे सॉसेज भाजले आणि पँटची गोष्ट सांगितली गेली नाही. सायमींनी माझ्या ताटात एक सॉसेज जास्त वाढला. तोही मोठा होता.

रविवारी सकाळी मी हेल्मीला जॅकेट चढवून धक्क्यावर गेले तर ताउनो होडीत उभे होते. एका हातात सँडपेपर, दुसऱ्या हातात व्हार्निशचा डबा. मी तिथंच उभी राहिले. घासून काढणार असतील तर माझ्या डोळ्यांदेखत काढू देत. मी त्यांना सांगितलंही, "घासलंत तर पुन्हा कोरीन."

ताउनो माझ्याकडे न बघता माशावर वाकले. मग अंगठा माशाच्या पाठीवरून फिरवला आणि शेपटीपाशी थांबवला.

"ही बोटं कुणाची?"

"हेल्मीची. शेपटी तिनं दाबली होती."

"हं." सँडपेपर खिशात गेला. डबा धक्क्यावर ठेवला गेला. "गेलेला चमचा कुठं गेला ते बघू या. पाईक तिथंच फिरत असतो. पोरीला घे." एवढं बोलून ते नेहमीसारखे मागच्या पाटावर, मोटरपाशी बसायला वाकले. अर्ध्यावर थांबले. खाली पाहिलं. थोडं डावीकडे सरकून पुन्हा वाकले. मासा तिथंही होता. सत्तेचाळीस सेंटिमीटर होता तो, पाटभर होता. ते सरळ झाले.

"यावर कसं बसायचं?" ते म्हणाले. "पोरीचा पहिला मासा आहे."

आणि हेल्मीला जॅकेटच्या पट्ट्याला धरून घेऊन, कालचा दिवस सोडला तर साठ उन्हाळे ज्या माणसानं ती जागा कुणाला दिली नाही तो माणूस, होडीच्या टोकाला जाऊन बसला.

मी आत उतरले आणि माशाच्या बरोबर मध्यावर ऐसपैस बसले. मला काही अडचण वाटली नाही.

"तुमचंही जॅकेट, ताउनो," मी म्हणाले. "घातल्याशिवाय होडी हलणार नाही."

ते फिनिशमध्ये काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी जॅकेट घातलं. मी हवेचा स्क्रू उघडला, दोन्ही दोऱ्या सोडल्या आणि खिंडीच्या दिशेनं निघाले.